प्रत्येक पिढीचा बॅटमन वेगळा

१९८८ साली अमेरिकेतल्या डीसी कॉमिक्सने एका पात्राचा जीव वाचकांच्या हाती दिला. बॅटमनचा त्या वेळचा साथीदार रॉबिन, म्हणजे जेसन टॉड, खलनायक जोकरच्या हल्ल्यातून वाचावा की मरावा? अंकात दोन फोन नंबर छापले होते आणि फोन करायला पैसे पडत होते. मृत्यूच्या बाजूने ५,३४३ फोन आले, जीवदानासाठी ५,२७१. फरक ७२ मतांचा. जेसन मेला. पण पुढच्याच वर्षी टिम ड्रेक नावाचा नवा मुलगा कथेत आला आणि पुढे तोच रॉबिन झाला. एकटा, कठोर बॅटमन हवा असणारे आणि पोराला मायेने घडवणारा बॅटमन हवा असणारे असे दोन जवळपास सारखे गट एकाच वेळी तोच अंक विकत घेत होते. यातला खरा चाहता कोणता, हे ठरवण्याचा अधिकार कोणालाच नाही.

'मूळ बॅटमन बिघडवू नका' ही तक्रार मात्र नेहमी ऐकू येते. हे मूळ शोधायला गेले तर हाती फार थोडे लागते. बिल फिंगर आणि बॉब केन यांचा बॅटमन १९३९ मध्ये अवतरला. तो माणसे मारायचा, प्रसंगी बंदूकही चालवायचा. १९४० मध्ये संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी ते बंद करायला लावले, त्याच वर्षी रॉबिनही आला. आज ज्याला आपण बॅटमनचे अढळ तत्त्व मानतो, ते 'जीव घेणार नाही' हे व्रत सुरुवातीच्या काळातल्या दुरुस्तीतून आले आहे.

टिकून राहिला तो एक प्रश्न. आईवडिलांचा खून डोळ्यांदेखत पाहिलेल्या माणसाने, कायद्याच्या बाहेर उभे राहून, न्यायासाठी किती बळ वापरावे? नायकाचे वय वाढत नाही, पण वाचक मोठा होतो, त्याचा देश बदलतो आणि त्याची भीतीही. म्हणून प्रश्न तोच ठेवून उत्तर नव्याने मागितले जाते. १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिक्समुळे मुले बिघडतात असा आरोप केला, प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली आणि बॅटमन निरुपद्रवी झाला. १९६६ च्या दूरदर्शन मालिकेतला अ‍ॅडम वेस्टचा हसतमुख, शिस्तप्रिय बॅटमन त्याच वातावरणातला. १९८६ मध्ये कॉमिक्सकार फ्रँक मिलर यांनी गुन्हेगारीने पोखरलेल्या शहरात परतणारा पन्नाशी उलटलेला, संतप्त बॅटमन रंगवला. २००८ च्या 'द डार्क नाइट' या चित्रपटात तो जोकरला शोधण्यासाठी शहरातल्या प्रत्येकाच्या फोनचा वापर करतो आणि त्याचा विश्वासू सहकारी लुशियस फॉक्स त्याला तोंडावर सांगतो की हे चूक आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर अमेरिकेत पाळत ठेवण्यावरून जो वाद पेटला होता, तो प्रेक्षकांना इथे लगेच ओळखू आला. १९६६ च्या मालिकेत हा प्रसंग बसलाच नसता.

ही सगळी कंपन्यांची विक्रीची युक्ती आहे, असेही म्हटले जाते. नफ्याचा हेतू आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण नुसते नवे रूप विकता आले असते तर १९९७ चा 'बॅटमन अँड रॉबिन' हा चित्रपट तरला असता. झगमगाट, मोठे तारे, खेळण्यांचा बाजार, सगळे होते. लोकांनी पाठ फिरवली आणि चित्रपटगृहांत पुढचा बॅटमनपट थेट २००५ मध्ये आला. त्या रूपामागे प्रश्नच उरला नव्हता.

याचा अर्थ अंधारलेला बॅटमन तेवढा प्रौढांचा आणि गमतीचा बालिश, असा घेतला जातो, तो मला मान्य नाही. २०१७ चा 'द लेगो बॅटमन मूव्ही' लहान मुलांना खळखळून हसवतो. पण त्यातला बॅटमन कोणालाही जवळ येऊ देत नाही, कारण कुटुंब पुन्हा गमावण्याची त्याला धास्ती आहे. मिलर यांच्या म्हाताऱ्या बॅटमनला जी जखम आहे तीच याला आहे. फक्त इथे तिच्यावर उपाय म्हणून एक अनाथ पोरगा त्याच्या घरी राहायला येतो.