जुनी फियाट : तिचें एंजिन आणि तिचें मोल

शिरपूर जैनसारख्या गांवीं एखाद्या वाड्याच्या पडवींत आजोबांची जुनी फियाट गोणपाटाखालीं झांकून ठेवलेली असते. एके दिवशीं शहरांतून गिऱ्हाईक येतें, गाडीभोवतीं एक फेरी मारतें आणि भंगाराचा भाव सांगतें. होकार देण्यापूर्वीं घरच्या मंडळींनीं तीन गोष्टी पाहाव्यात : गाडी कोणत्या सालची, एंजिन कोणतें आणि कागद कसे.

ही गाडी मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांतली. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. आरंभीं तेथें अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या परवान्यानें डॉज, प्लिमथ अशा थोराड गाड्या तयार होत. १९५४ च्या सुमारास इटलीची फियाट ११०० आली. तिच्या गोलसर अंगामुळें लोकांनीं तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटलें. तिच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागील बाजूस असल्यानें तीं उलटीं उघडत. तिला ओळखण्याची ही सोपी खूण होय. १९६४ सालीं नव्या घाटाची ‘डिलाइट’ निघाली. तीच १९७२ सालीं ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ सालीं ‘पद्मिनी’ झाली. या तिघींचा सांगाडा मूळचा एकच. म्हणून केवळ रूपावरून साल ठरवूं नये, नोंदणीपुस्तक पाहावें.

एंजिनाची गोष्ट मौजेची आहे. पद्मिनीच्या एंजिनांत चार सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर व दट्ट्याची धांव ७५ मिलिमीटर. हिशेब केला असतां १०८९ घनसेंटिमीटर येतात. शक्ति सुमारें ४० अश्वांची. डिलाइट निघाली त्याच १९६४ सालीं अमेरिकेंत पाँटियाक कंपनीची जी. टी. ओ. आली. तिला आठ सिलिंडर, सुमारें ६.४ लिटरचें एंजिन आणि ३२५ अश्वशक्ति ! तेथें कंपन्यांची चढाओढ. दर वर्षीं गाडीचा मुखवटा बदले. त्यामुळें अमुक सालची, अमुक एंजिनाची, असें म्हणतांच किंमत बदलते. येथें परवान्यांचें राज्य. गिऱ्हाइकास गाडीसाठीं वर्षानुवर्षें तिष्ठावें लागे. मग मुखवटा बदलण्याचें कारण काय ?

म्हणून आपल्याकडे मोल ठरतें तें मूळपणावर. कित्येकांनीं तेल वांचविण्यासाठीं पेट्रोलचें एंजिन काढून डिझेलचें बसविलें. अशी गाडी धांवते, पण संग्राहकाच्या लेखीं उतरते. एंजिनावर कोरलेला क्रमांक कागदाशीं जुळला, तर तीच गाडी चढते.

यांत कायद्याचीहि भर पडली आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें उलटलेल्या व मूळ स्वरूप न बदललेल्या खासगी गाडीस ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदतां येतें. नव्या नोंदणीचें शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षें. मात्र अशी गाडी प्रदर्शनास वा फेरीस काढावी. रोजच्या वापरास ती नेतां येत नाहीं. १९७४ ची पद्मिनी आतां या वयास पोंचली आहे. तेव्हां रोज बाजारास जावयाचें कीं मान घेऊन घरीं बसावयाचें, हें मालकानें आधींच ठरवावें.

मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्यें निवृत्त झाली. आतां जी उरली ती घराघरांच्या पडव्यांत. गोणपाट उचलून एंजिनाचा क्रमांक वाचण्यास फारसा वेळ लागत नाहीं. एकदां भंगारांत गेलेली गाडी मात्र परत येत नाहीं.