फिश टँकची रोपं उसाच्या बेण्यासारखी लावा. पण उरलेली काडी ओढ्यात टाकू नका!

तालुक्याच्या गावातलं सलून असो, दवाखाना असो की नवीन घराचा हॉल, फिश टँक आता सगळीकडं दिसतो. त्यात मासे खरे असतात, पण झाडं बहुतेक प्लास्टिकची. "खरी आणली होती, पंधरा दिवसांत कुजली," असं सांगितलं जातं. खरं तर ज्याला उसाची लागण जमते, त्याला ही रोपंही जमतात. कुठलं रोप कसं वाढतं एवढं कळलं पाहिजे.

रोप कोणत्या जातीचं, ते आधी ओळखा

बेण्यावर येणारी रोपं : बाकोपा, रोटाला, हायग्रोफिला ही कांड्यांची रोपं. उसासारखी यांनाही पेरापेरावर फूट असते. चार-पाच बोटं लांब शेंडा कापावा, खालच्या दोन पेरांची पानं काढावीत आणि ती पेरं वाळूत खोचावीत. काही दिवसांत मुळ्या सुटतात. मागं राहिलेला बुडखा उपटू नये, तो खोडव्यासारखा पुन्हा फुटतो. आयुर्वेदातली नीरब्राह्मी म्हणजे बाकोपाचीच एक जात. आपल्याकडं तळ्याकाठी, ओलसर जागी ती आपोआप येते.

पिल्लं देणारी रोपं : लांब पात्यांची व्हॅलिसनेरिया स्ट्रॉबेरीसारखी जमिनीलगत धावती फांदी सोडते आणि तिच्यावर पिल्लू धरते. पिल्लाला तीन-चार पानं आणि स्वतःच्या मुळ्या आल्या की मगच ते आईपासून तोडावं. क्रिप्टोकोरीनलाही बाजूनं पिल्लं येतात. याच्या काही जाती कोकणातल्या नद्या-ओढ्यांत मूळच्याच आहेत. क्रिप्टोकोरीन हलवलं की पानं विरघळल्यासारखी होतात, पण मूळ जिवंत असतं. जागा न बदलता थांबलं तर नवीन पानं येतात.

गड्ड्याची रोपं : अनुबियास आणि जावा फर्न यांचं खोड आल्याच्या गड्ड्यासारखं आडवं असतं. प्रत्येक तुकड्यावर तीन-चार पानं राहतील असं कापावं. मात्र आल्यासारखं पुरू नये. गड्डा वाळूत गाडला की कुजतो. दगडाला किंवा लाकडाला दोऱ्यानं बांधावा, मुळ्या आपोआप धरतात. जावा फर्नच्या जुन्या पानावर तर पानफुटीसारखी पिल्लं फुटतात.

विकतचं रोप का कुजतं?

नर्सरीवाले बरीचशी रोपं पाण्याखाली वाढवतच नाहीत. मुळं ओल्या चिखलात आणि पानं हवेत ठेवतात. कार्बन डायऑक्साइड वायू पाण्यापेक्षा हवेत सुमारे 10 हजार पट वेगानं पसरतो. त्यामुळं हवेतलं रोप जोमानं वाढतं, पानांवर शेवाळही धरत नाही. असं रोप टँकमध्ये बुडवलं की हवेतली जुनी पानं गळतात आणि दोन ते चार आठवड्यांत पाण्यातली नवी पानं येतात. नेमकं याच काळात लोक रोप मेलं म्हणून फेकून देतात. पिवळी पानं काढून टाकावीत. खोड कडक असेल तर थांबावं.

हीच युक्ती घरी करता येते. झाकणाच्या प्लास्टिक डब्यात तीन बोटं माती-वाळू घालावी, माती चिखलासारखी ओली राहील एवढंच पाणी ठेवावं आणि शेंडे खोचावेत. डबा सावलीत, उजेडाच्या जागी ठेवून झाकण रोज थोडा वेळ उघडावं. व्हॅलिसनेरिया मात्र अशी जगत नाही, तिला पाण्यातच लावावं लागतं. पाणी साठवलेल्या टबात डास होतात, म्हणून त्यात गप्पी मासे सोडावेत.

या चुका टाळा

टँकमध्ये शेणखत किंवा युरिया टाकू नये. त्यातून अमोनिया तयार होतो आणि मासे मरतात. औषध फवारणीची बादली, मग टँकसाठी कधीच वापरू नये. टँक थेट उन्हात ठेवला तर झाडांआधी शेवाळच माजतं. दिवसाला सहा ते आठ तास लाइट पुरतो. बोअरच्या जड पाण्यात व्हॅलिसनेरिया चांगली येते, सुरुवात तिच्यापासून करावी. रोपं विकायचा विचार असेल तर जवळच्या शहरातल्या दुकानदाराला कोणती रोपं लागतात, काय भाव देतो ते आधी विचारावं. मगच टब वाढवावेत.

छाटणीचं काय करायचं?

सगळ्यात मोठी चूक इथं होते. पंचगंगेत, इंद्रायणीत, उजनीच्या पाण्यात माजणारी जलपर्णी मूळ आपल्याकडची नाही. दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती फुलांच्या शोभेसाठी 19 व्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आणली गेली. आज ती काढायला जेसीबी, बोटी लावाव्या लागतात. फिश टँकमध्ये लावली जाणारी कॅबोम्बाही तिकडचीच. 2020 साली केरळच्या कोझिकोड जिल्ह्यात आवळपांडी इथला पाण्याचा प्रवाह तिच्या गुलाबी फुलांनी भरला. बघायला गर्दी झाली, पण ते तणच होतं.

एका पेराची काडीसुद्धा वाहत्या पाण्यात जगते. म्हणून छाटलेलं काहीच ओढा, विहीर, शेततळं किंवा कालव्यात टाकू नये. उन्हात कडकडीत वाळवावं, मगच उकिरड्यात टाकावं. टँकचं बदललेलं पाणीही गटारात न सोडता परसातल्या झाडांना घालावं. त्यात माशांच्या विष्ठेचं खत असतं, झाडं चांगली लागतात. टँकचा कंटाळा आला तर रोपं आणि मासे दुसऱ्या हौशी माणसाला द्यावेत, नदीत सोडू नयेत.