शालेय संगीतशिक्षकाची पदवी

पात्रतेच्या दोन परंपरा

महाराष्ट्रात संगीतशिक्षक होण्याची तयारी दोन परंपरांमधून होते. पहिली परीक्षामंडळांची. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये स्थापलेले अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ प्रारंभिकपासून मध्यमा, विशारद, अलंकारपर्यंतच्या परीक्षा घेते. दुसरी परंपरा विद्यापीठांची. तिच्यात संगीत विषय घेऊन बी.ए. करता येते किंवा प्रयोगकलांची स्वतंत्र पदवी घेता येते. पुष्कळ विद्यार्थी मध्यमेपर्यंतच्या परीक्षा देऊनच पदवीला येतात. विशारद पदवीच्या तोडीची मानायची की नाही, हे मात्र त्या त्या भरतीचे नियम ठरवतात.

अभ्यासक्रमाचा गाभा

ठरलेले राग, त्यांतील विलंबित व द्रुत बंदिशी, ताल, संगीतशास्त्र आणि इतिहास हे बहुतेक अभ्यासक्रमांचे घटक होत. शास्त्राच्या भागावर विष्णु नारायण भातखंडे यांची छाप ठळक दिसते. दहा थाटांची वर्गवारी आणि कोमल स्वराखाली आडवी रेघ देणारी स्वरलिपी या त्यांच्याच देणग्या. गुरूसमोर बसून शिकणाऱ्या एकट्या शिष्याचे लिपीवाचून फारसे अडत नव्हते. वर्गात अनेकांना एकाच वेळी एकच बंदिश द्यायची, तर ती कागदावर उतरावी लागते. म्हणजे पदवीचा पाठ्यक्रम आणि शाळेचा वर्ग यांचा उगम एकाच गरजेत आहे. तरीही पदवीची प्रात्यक्षिक परीक्षा मोजते ती एकट्याने राग मांडण्याची क्षमता. पुढील बहुतेक अडचणी या विसंगतीतून निघतात.

मैफलीतला आवाज, वर्गातला आवाज

गायक आपल्या गळ्याला सोयीची पट्टी निवडतो. शिक्षकाला ती मुलांच्या गळ्यावरून ठरवावी लागते. पुरुष शिक्षक काळी एकमध्ये गाऊ लागला की लहान मुलांचा मंद्रातला आवाज बसतो आणि तार सप्तक त्यांना एरवी जमते त्याहून खाली राहते. बायकांच्या सवयीची काळी चार किंवा पाच मुलांना बरीच सोयीची. सातवी ते नववीच्या दरम्यान मुलग्यांचा आवाज फुटतो, तेव्हा एकाच वर्गात दोन सप्तकांचे गळे असतात. अशा वेळी मोजक्या स्वरांत फिरणारे गीत निवडणे, फुटत्या आवाजावर ताण न देणे आणि त्या मुलांकडे काही काळ ठेका सोपवणे ही कौशल्ये रागज्ञानाइतकीच महत्त्वाची ठरतात.

तासाची रचनाही वेगळी असते. अर्ध्या-पाऊण तासात चाळीस-पन्नास मुलांकडून ख्याल उभा राहत नाही. पलटे, सरगमगीत, टाळी-खालीने दिलेला दादरा किंवा केरवा आणि एखादे समूहगीत एवढे होते. रागाची लक्षणे त्याच रागात गाऊन सांगणारे लक्षणगीत इथे फार उपयोगी पडते, कारण शास्त्र आणि गाणे एकदमच पाठ होते. साथीला तानपुऱ्यापेक्षा पेटी सोयीची. तिच्या समान अंतरांवर बसवलेल्या सुरांत गांधार किंचित चढा लागतो, पण तिच्यावर सुरावट वाजवून दाखवता येते आणि नजर वर्गावर राहते. शुद्धतेच्या आग्रहाला इथे थोडी मुरड घालावीच लागते.

अध्यापनाची पदवी

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले आणि त्यात वीस आठवड्यांचा शालेय अनुभव आणला. नाट्य आणि कला यांचा शिक्षणातील वापर हा घटकही त्यात आहे, पण तो सर्व विषयांच्या भावी शिक्षकांसाठी आहे. सगळ्याच महाविद्यालयांत संगीत हा अध्यापनविषय म्हणून मिळत नाही. अशा ठिकाणी मराठी किंवा इतिहास यांची जोड असलेली बी.ए. पदवी कामी येते, कारण तिच्या आधारे दुसरा शालेय विषय घेता येतो. निव्वळ संगीताच्या पदवीधराची गायकी अधिक सखोल असली, तरी या टप्प्यावर त्याचे पर्याय कमी होतात.

पदे आणि मर्यादा

केंद्रीय विद्यालयांत संगीताचे प्राथमिक शिक्षक हे स्वतंत्र पद आहे आणि त्यासाठी संगीताची पदवी मागितली जाते. शिक्षण हक्क कायदा, २००९ याच्या परिशिष्टात मात्र सहावी ते आठवीसाठी, पटसंख्या शंभराहून अधिक असल्यास, कलाशिक्षणाचा अंशकालीन निदेशक एवढीच तरतूद आहे. कला म्हणजे चित्रकला की संगीत, हे त्यात सांगितलेले नाही. परिणामी अनेक शाळांत संगीतशिक्षक आठवतो तो स्वागतगीत आणि स्नेहसंमेलन जवळ आले की. पदवीधरांचा मोठा वर्ग खाजगी शिकवण्यांकडे वळतो. दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांसाठी वाढीव गुण मिळू लागल्यापासून या शिकवण्यांना निश्चित मागणी आहे. तिथे शिकवला जातो तो पुन्हा परीक्षामंडळांचाच अभ्यासक्रम.