जमाखर्चात नसलेली आई

एखाद्या गृहस्थाने आपल्या घरी पगारावर काम करणाऱ्या बाईशी विवाह केला, तर राष्ट्रीय उत्पन्न तेवढ्याने घटते, हे ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी दाखविलेले कोडे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. काम तेच राहते. पगार थांबताच ते मोजदादीतून बाहेर पडते, इतकेच. वर्गात या कोड्यावर हशा पिकतो. पण हीच मोजदाद घरोघर चालते, आणि तरुण आईला स्तनाचा कर्करोग होतो तेव्हा तिची चूक जिवावर बेतते.

पाश्चात्त्य देशांच्या तुलनेने भारतीय स्त्रीला हा रोग सरासरी दहा वर्षे आधी गाठतो. म्हणजे पुष्कळदा मुले अद्याप शाळेत असताना. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने झाला आणि ९८ हजारांवर स्त्रिया त्याने दगावल्या. वेळीच निदान झाल्यास पुष्कळदा बऱ्या होणाऱ्या रोगाचे हे प्रमाण आहे. त्यामागचे एक मोठे कारण म्हणजे विलंब.

अंगावर पिणाऱ्या मुलाच्या आईला स्तनात गाठ लागली, की ‘दूध साचले असेल’ असे वडीलधारी मंडळी म्हणतात. आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. परंतु दोन आठवड्यांत जी गाठ जात नाही, ती डॉक्टरांना दाखविलीच पाहिजे. सोनोग्राफी आणि सुईने नमुना घेऊन केलेली तपासणी, दोन्ही पाजणाऱ्या आईसाठी सुरक्षित आहेत. अडते ते वेळेपाशी. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो, तर पुरुषांचा ८८ मिनिटे. मुलांची व वृद्धांची देखभाल त्याहून वेगळी. सोयाबीनची काढणी उरकू दे, मुलाची परीक्षा होऊ दे, दिवाळी पार पडू दे, असे म्हणत तपासणी पुढे ढकलली जाते. तिच्या वेळेला किंमत नाही, म्हणून तो वेळ तिच्या स्वतःसाठी कधीच मोकळा होत नाही.

निदानानंतर शासन मदतीला येते, हे मान्य केले पाहिजे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया, केमोथेरपी व किरणोपचार यांचा खर्च भागतो आणि अनेक कुटुंबे कर्जातून वाचतात. परंतु योजना उपचारांचे बिल भरते. घर चालवीत नाही. केमोथेरपीचे सहा ते आठ फेरे, दोन फेऱ्यांत बहुधा तीन आठवड्यांचे अंतर, पुढे काही आठवडे रोजचे किरणोपचार, असा क्रम असतो. बुलढाण्याकडील रुग्ण परळच्या टाटा रुग्णालयात आली, तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा तिला आसरा देऊ शकते. पण सोबत आलेल्या नवऱ्याची मजुरी बुडते, धाकटे मूल आजोळी जाते आणि घरातील २८९ मिनिटांचे काम कोणावर तरी पडतेच. पुष्कळदा ते पडते दहा-बारा वर्षांच्या थोरल्या मुलीवर. आईच्या आजाराचा एक हप्ता अशा रीतीने शाळेच्या हजेरीपटावर वसूल होतो.

याखेरीज जे भोगावे लागते त्याला कोणत्याही तक्त्यात रकाना नाही. केमोथेरपीच्या काळात तान्ह्याचे दूध तोडावे लागते. काखेतील शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे त्याला उचलून कडेवर घेता येत नाही. केस गेलेल्या आईकडे मूल अनोळखी नजरेने पाहते. तरीही असंख्य जणी उपचार पुरे करतात, आणि पुढे कित्येक वर्षे रोजची गोळी, ठरावीक तपासण्या आणि ‘पुन्हा तर उलटणार नाही ना’ ही धास्ती यांच्यासह संसार करतात.

कामगार राज्य विमा योजनेतील विमेदार स्त्रीला कर्करोग झाल्यास, अटी पुऱ्या होत असतील तर, वेतनाच्या ८० टक्के इतका आजारलाभ जास्तीत जास्त दोन वर्षे मिळू शकतो. दीर्घ आजारात औषधाइतकीच उत्पन्नाच्या आधाराची गरज असते, हे तत्त्व कायद्याने मानलेच आहे. शेतमजूर, भाजीवाली आणि गृहिणी मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहतात. जन आरोग्य योजनेतच उपचारकाळापुरता निर्वाहभत्ता जोडणे, ही त्या तत्त्वाची स्वाभाविक पुढची पायरी होय.

दुसरी सूचना याहून स्वस्त आहे. टाटा रुग्णालयाने १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांना घेऊन आरंभिलेल्या अभ्यासात प्रशिक्षित सेविकांनी नियमित स्तनतपासणी केली. वीस वर्षांच्या अखेरीस पन्नाशीपुढील स्त्रियांतील मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. त्याहून तरुण स्त्रियांत असा स्पष्ट लाभ आढळला नाही. म्हणजे तरुण आईसाठी सरसकट तपासणीपेक्षा लक्षण दिसताच केलेली हालचाल अधिक मोलाची. शासकीय तपासणी तिशीनंतर सुरू होते, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशातील ३० ते ४९ वयाच्या अवघ्या ०.९ टक्के स्त्रियांची स्तनतपासणी कधी काळी झालेली होती. याउलट बाळाच्या लसीकरणासाठी आई सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात आरोग्यकेंद्राची पायरी हमखास चढते. त्या वेळी बाळाच्या वजनाबरोबर आईलाही एक प्रश्न विचारावा: गाठ आहे का, आणि किती दिवसांची? होय असे उत्तर आल्यास तिथूनच तालुक्याच्या रुग्णालयाची चिठ्ठी मिळावी.

हा प्रश्न घरीही विचारता येईल. दिवाळीची वाट न पाहता त्याच आठवड्यात एक दिवसाची रजा नवऱ्याने काढावी आणि घर सांभाळावे; मोजदाद दुरुस्त होण्यास तेथून आरंभ होईल.