दालचिनी रोलचा फ्रेंच टोस्ट आणि शिळेपणाचे शास्त्र

पावाचा काप दूध आणि अंडे यांच्या मिश्रणात भिजवून लोण्यावर किंवा तुपावर तांबूस होईपर्यंत भाजला म्हणजे जो पदार्थ तयार होतो त्यास फ्रेंच टोस्ट म्हणतात. आणि यीस्टने फुगवलेल्या मैद्याच्या पोळीवर लोणी, साखर व दालचिनी पसरून, तिची वळकटी करून, तिचे काप भट्टीत भाजले म्हणजे जो वेटोळ्यांचा गोड पाव मिळतो तो सिनेमन रोल होय. या दोहोंचा संयोग, म्हणजे साध्या पावाच्या जागी शिळा सिनेमन रोल वापरून केलेला फ्रेंच टोस्ट, अलीकडे शहरी न्याहारीच्या ताटात दिसू लागला आहे. वरकरणी ही गोडावर गोड रचण्याची चैन वाटते. परंतु या पदार्थाचे मूळ चैनीत नसून शिळे अन्न वाया न घालवण्याच्या गरजेत आहे, आणि ती गरज माणदेशासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशाला, त्यातही सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्याला, कोणी नव्याने समजावून सांगावी अशी नाही.

शिळेपणा म्हणजे काय, याविषयीचा सर्वसाधारण समज असा की पावातील पाणी उडून जाते आणि म्हणून तो कडक होतो. हा समज अर्धाच खरा आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ झां-बाप्तिस्त बूसिंगो याने 1852 साली दाखवून दिले की पाणी उडू न देता बंद ठेवलेला पावही शिळा होतो, आणि तो पुन्हा तापवला तर काही वेळ ताज्यासारखा मऊ होतो. त्याचे कारण पिठातील स्टार्चमध्ये आहे. भट्टीत स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात व मऊ पडतात, आणि पाव थंड झाल्यावर त्यांतील रेणू हळूहळू पुन्हा शिस्तीत बसून स्फटिकासारखी घट्ट रचना करू लागतात. पावाचा गर घट्ट आणि भुसभुशीत होतो तो या फेरबांधणीमुळे. ही क्रिया शीतकपाटाच्या तापमानात सर्वांत वेगाने होते, म्हणून पाव फ्रिजमध्ये टिकतो खरा, पण शिळाही तेथेच लवकर होतो. सुमारे 60 अंश सेल्सिअसच्या वर ही स्फटिकरचना मोडते, आणि तव्यावर टाकलेला शिळा काप पुन्हा मऊ का लागतो याचे उत्तर तेथे मिळते. वाळणे ही मात्र वेगळी क्रिया आहे, आणि फ्रेंच टोस्टच्या दृष्टीने तीच अधिक उपयोगाची ठरते, कारण पाणी गमावलेला गर दूध भरपूर पितो आणि तरीही विरघळून जात नाही.

येथे माणदेशातील भाकरीशी तुलना करणे उद्बोधक ठरते. बाजरीची किंवा ज्वारीची शिळी भाकरी दुधात वा ताकात कुस्करून तिचा काला करून खाण्याची पद्धत या भागात जुनी आहे. परंतु त्याच भाकरीचा तुकडा दूध-अंड्यात भिजवून तव्यावर टाकण्याचा प्रयत्न केला, तर हाती लगदा येईल. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले असता त्यातील प्रथिनांचे चिवट, लवचीक जाळे तयार होते, ज्यास ग्लूटेन असे नाव आहे. यीस्टने सोडलेला वायू याच जाळ्यात अडकतो, पाव जाळीदार होतो, आणि भिजल्यावरही काप अखंड राहतो तो याच जाळ्याच्या आधाराने. बाजरी व ज्वारी यांत असे जाळे बनवणारी प्रथिने नाहीत, म्हणूनच भाकरी गरम पाण्यात पीठ मळून हाताने थापावी लागते, आणि शिळी झाल्यावर तिला कुस्करण्यावाचून दुसरी गती नसते. चपाती या दोहोंच्या मधली: तिच्यात ग्लूटेन आहे पण जाळी नाही, त्यामुळे ती दूध पीत नाही, आणि शिळ्या चपातीचा गूळ-तूप घालून कुस्करा, मलिदा किंवा लाडू केला जातो. काला, मलिदा आणि फ्रेंच टोस्ट ही अशा रीतीने एकाच प्रश्नाची तीन उत्तरे असून त्यांतील भेद स्वयंपाक करणाऱ्याच्या कल्पकतेपेक्षा धान्याच्या स्वभावाने ठरवलेला आहे.

शिळ्या अन्नाविषयी लिहिताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. ज्या घरात काला ही काटकसर होती, त्याच गावात शिळी भाकरी ही दुसऱ्या कोणाची मजुरी होती. गावकीच्या कामाच्या बदल्यात महार कुटुंबांना घरोघर फिरून भाकरीचे तुकडे गोळा करावे लागत. आटपाडीचे शंकरराव खरात (1921–2001), जे पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू आणि 1984 च्या जळगाव येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, ते तराळाच्या, म्हणजे गावची सांगावा-हाकाऱ्याची कामे करणाऱ्याच्या, घरात जन्मले होते, आणि त्यांच्या आत्मचरित्राचे ‘तराळ-अंतराळ’ हे नाव तेथूनच आले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1927 च्या महाड येथील परिषदेत उष्ट्या-शिळ्या तुकड्यांवर जगणे सोडण्याचे आवाहन केले होते. शिळ्याचे कौतुक करण्याचा अधिकार ताजे मिळणाऱ्यालाच असतो, आणि फ्रेंच टोस्टच्या इतिहासातही हा भेद दिसतो: गरजेतून जन्मलेला पदार्थ श्रीमंतांच्या मुदपाकखान्यात पोहोचतो तेव्हाच त्याची कृती लिहून ठेवली जाते.

अशी सर्वांत जुनी परिचित कृती एपिसियसच्या नावावर असलेल्या रोमन पाकसंग्रहात सापडते. तीत पांढऱ्या पावाचे कवच काढून, तुकडे दुधात भिजवून, तळून वर मध ओतण्यास सांगितले आहे. पुढे युरोपात अंड्याची भर पडली, आणि पोर्तुगालमध्ये ‘राबानादा’ या नावाने नाताळात, तर स्पेनमध्ये ‘तोरिहा’ या नावाने ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात हाच पदार्थ रूढ झाला. हिंदुस्थानात पाव आणला तो पोर्तुगिजांनी, गोव्यात. तेथील पोदेरांनी, म्हणजे पाव भाजणाऱ्यांनी, यीस्टच्या अभावी माडाच्या सुरेने पीठ आंबवण्याची युक्ती वापरली. उत्तरेकडचा शाही तुकडा आणि हैदराबादचा ‘डबल का मीठा’ हे दोन्ही पदार्थ तळलेल्या पावावर आटवलेले दूध आणि पाक घालून होतात, म्हणजे भिजवणे आणि भाजणे यांचा क्रम तेवढा उलटा आहे.

आटपाडीसारख्या तालुक्याच्या गावात बेकरीचा माल म्हणजे पाव, बनपाव, खारी, बटर आणि चहात बुडवायचा टोस्ट. हा टोस्ट दोनदा भाजून पूर्ण कोरडा केलेला असल्याने फ्रेंच टोस्टसाठी निरुपयोगी आहे. सिनेमन रोल मात्र घरी करणे अवघड नाही. 250 ग्रॅम मैदा, एक लहान चमचा कोरडे यीस्ट, 30 ग्रॅम साखर, 30 ग्रॅम लोणी, चिमूटभर मीठ आणि सुमारे 140 मिलिलिटर कोमट दूध यांचे मऊ पीठ दहा मिनिटे चांगले मळून, ते फुगून दुप्पट होईपर्यंत झाकून ठेवावे. उन्हाळ्यात यास तासही लागत नाही, थंडीत दुप्पट वेळ द्यावा लागतो. मग ते आयताकार लाटून त्यावर मऊ लोणी, बारीक केलेला गूळ आणि दोन लहान चमचे दालचिनीची पूड पसरावी, घट्ट वळकटी करून आठ काप करावेत, पुन्हा अर्धा तास फुगू द्यावेत आणि 180 अंशांवर वीस-बावीस मिनिटे भाजावेत. पाश्चात्य कृतीत येथे तपकिरी साखर येते, जिच्यात थोडी मळी राखलेली असते; कोल्हापुरी गुळात ती चव मुळातच असल्याने तो पर्याय म्हणून नव्हे, तर अधिक चांगला जिन्नस म्हणून वापरावा. बेदाणे घालायचे असल्यास तासगावच्या बाजारातील सांगलीचा बेदाणा, ज्यास भौगोलिक मानांकन आहे, गरम पाण्यात दहा मिनिटे भिजवून घालावा. कोरडा घातल्यास तो पिठातील पाणी ओढून घेतो.

दालचिनी पिठात न मिसळता सारणात ठेवण्याच्या प्रथेला कारण आहे. दालचिनीचा वास ज्या सिनॅमाल्डिहाइड या द्रव्यामुळे येतो ते सूक्ष्मजीवांना मारक असते, आणि पिठात अधिक प्रमाणात गेल्यास यीस्ट मंदावून पीठ नीट फुगत नाही. बाजारात दालचिनी म्हणून जी जाड, कठीण, एकेरी वळलेली साल मिळते ती बहुधा कॅसिया या जवळच्या जातीची असते; खरी दालचिनी, जिचे मूळ स्थान श्रीलंका होय आणि जी कोकणातही होते, ती कागदासारख्या पातळ सालींची अनेकपदरी सुरळी असून बोटांनी चुरडता येते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ ही दालचिनीची जात विकसित केली आहे. कॅसियात कुमारिन नावाचे, मोठ्या मात्रेत यकृताला अपायकारक ठरणारे द्रव्य अधिक असते. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने त्याची रोजची सुरक्षित मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे 0.1 मिलिग्रॅम मानली आहे. आठवड्यातून एखाद्या न्याहारीने काही बिघडत नाही, परंतु लहान मुलांना नित्य देताना खरी दालचिनी निवडणे शहाणपणाचे आहे.

रोल भाजल्यावर तो लगेच फ्रेंच टोस्टला घेऊ नये. लोणी, साखर आणि दूध घातलेला पाव साध्या पावापेक्षा सावकाश शिळा होतो, म्हणून पाव एका रात्रीत तयार होत असेल तर रोलला दीड-दोन दिवस द्यावे लागतात. रोल उभा न कापता तळाशी समांतर असा आडवा कापून त्याच्या दोन चकत्या कराव्यात, म्हणजे वेटोळे दोन्ही बाजूंनी दिसते आणि सुटत नाही; या चकत्या आटपाडीच्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत जाळीवर ठेवल्या की काही तासांतच हव्या तशा वाळतात, पावसाळ्यात मात्र बुरशीची भीती असल्याने मंद भट्टीत किंवा तव्यावर त्या सुकवून घेणे बरे.

भिजवण्याचे मिश्रण चार रोलांसाठी दोन अंडी, 150 मिलिलिटर दूध आणि चिमूटभर मीठ एवढेच असावे. अनेक कृतींत यातही साखर व दालचिनी सांगितलेली असते, आणि नेमकी तेथेच हा पदार्थ बिघडतो. रोलच्या पदरापदरांत गूळ आधीच आहे, त्यामुळे मिश्रण फिके राहिले तरच दोन चवींत अंतर राहते आणि खाणाऱ्याला दुसरा तुकडा घ्यावासा वाटतो. चकती प्रत्येक बाजूने अर्धा मिनिट बुडवावी. त्याहून अधिक वेळ ठेवल्यास पदरांतील गूळ विरघळून दुधात उतरतो. अंड्याची प्रथिने दुधात पातळ झालेली असताना सुमारे 80 अंशांच्या आसपास घट्ट होतात, म्हणून आच मध्यमाहून कमी ठेवावी, अन्यथा बाहेरून करपून आत ओले राहते.

अंडे न खाणाऱ्या घरांसाठी सोपा उपाय कस्टर्ड पावडर हा आहे, आणि तिचा जन्मही याच अडचणीतून झाला: बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने 1837 मध्ये, पत्नीला अंडे सोसत नाही म्हणून, मक्याच्या स्टार्चपासून ती तयार केली. दीड मोठा चमचा पावडर 200 मिलिलिटर थंड दुधात कालवून, चकती बुडवण्यापूर्वी दर वेळी ढवळावी, कारण स्टार्च तळाशी बसतो. अशा टोस्टला अंड्याचा लुसलुशीतपणा येत नाही. कडा मात्र अधिक कुरकुरीत होतात, आणि कित्येकांना त्याच अधिक आवडतात.

भाजण्यासाठी लोण्यापेक्षा तूप चांगले. लोण्यातील दुधाचा अंश सुमारे 175 अंशांपुढे करपतो, तुपात तो काढून टाकलेला असतो. सांगली जिल्ह्याला दूध-तुपाची वाण नाही. भिलवडीची चितळे डेअरी 1939 पासून चालू आहे. जाड बिडाच्या तव्यावर चकती टाकल्यावर कडेने बाहेर आलेला गूळ प्रथम फेसाळतो, मग गडद होऊ लागतो, आणि याच क्षणी चकती उलटावी लागते, कारण गूळ साखरेपेक्षा लवकर करपतो आणि करपलेल्या गुळाचा कडवटपणा दालचिनीलाही झाकता येत नाही. बाजू उलटल्यावर दोन मिनिटे झाकण ठेवल्यास आतला भाग वाफेवर शिजतो.

परदेशात यावर मेपल वृक्षाच्या रसाचा पाक किंवा साखरेचा पांढरा लेप ओततात, जो येथे सर्वस्वी अनावश्यक आहे. या पदार्थाला हवे ते आंबट काहीतरी, आणि आटपाडी हा डाळिंबाचा तालुका असल्याने ते शोधायला लांब जावे लागत नाही. ‘भगवा’ जातीच्या डाळिंबाचे दाणे गोड, रसाळ आणि मऊ बियांचे असतात; त्यांना थोडा लिंबाचा रस चोळून ते गरम टोस्टवर घातले, किंवा त्यांचा रस मंद आचेवर निम्मा-अधिक आटवून, त्यात साखर न घालता, चमच्याने वरून सोडला, तर गूळ आणि तूप यांचा जडपणा उतरतो. सोबत घट्ट चक्का ठेवल्यास तोही चालतो, पण तो गोड करू नये. आणि आटवलेला रस उरला तर बाटलीत भरून शीतकपाटात ठेवावा, आठवडाभर तो सरबताला उपयोगी पडतो.