पाहुणे गेले, आधार कार्ड मोबाइलमध्येच!

शनिवार आला की अलिबाग, नागाव, काशीदची कॉटेजेस भरतात. बुकिंग ठरताच मालकाचा निरोप येतो, ‘आधारचा फोटो व्हॉट्सॲपवर टाका.’ पाहुणे रविवारी परततात; फोटो मात्र मालक, केअरटेकर, कधी एजंटच्याही फोनमध्ये पडून राहतो.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले. व्यावसायिकांवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतील. गंमत म्हणजे कागदी रजिस्टर या कायद्यात येत नाही, पण त्याच पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो येतो! डेटा सुरक्षित न ठेवल्यास कमाल दंड २५० कोटी रुपये. कॉटेजवाल्याला एवढा दंड होईल असे नाही. रक्कम चुकीचे गांभीर्य पाहून ठरते.

२०११च्या नियमांत ‘संवेदनशील’ माहितीची वेगळी यादी होती. नव्या कायद्यात तसा वेगळा कप्पा नाही. त्यामुळे वर्गवारी मालकालाच करावी लागेल. खोल्यांचे दर सर्वांसाठी खुले, बुकिंगचा हिशेब फक्त कामाच्या माणसांपुरता. आधार आणि पासपोर्ट मात्र कुलपात, म्हणजे पासवर्ड असलेल्या एकाच ठिकाणी. परदेशी पाहुण्यांची माहिती २४ तासांत सरकारला कळवावी लागते, तेव्हा पासपोर्टचा तपशील घ्यावाच लागतो. इतरांकडून, चालत असेल तिथे, शेवटचे चारच अंक दाखवणारे ‘मास्क्ड आधार’ मागता येते. आणि केअरटेकर काम सोडून गेला, तर त्याच्या फोनमधले फोटो आधी पुसून घ्यावेत.