तिशीनंतर आईस हॉकी? आधी पडायला शिका!

बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद इथून नोकरी-शिक्षणासाठी कॅनडा-अमेरिकेत गेलेल्या अनेक मराठी घरांत हे घडतं. मुलं शाळेतल्या मित्रांचं बघून आईस हॉकी शिकू लागतात आणि आई-बाबा कॉफीचा कप हातात धरून रिंकच्या काचेबाहेर कुडकुडत बसतात. कॅनडात १९९४ च्या कायद्यानुसार हा हिवाळ्याचा राष्ट्रीय खेळ आहे. ऑफिसात सोमवारी सकाळी त्याच्याच गप्पा चालतात. हिवाळा लांबलचक, संध्याकाळी लवकर अंधार, ओळखी कमी. अशा वेळी बऱ्याच जणांच्या मनात येतं, आपणही उतरलो तर? पण लगेच दुसरा प्रश्न येतो, या वयात?

या वयात जमतं. दोन्ही देशांतल्या मोठ्या शहरांत केवळ प्रौढ नवशिक्यांसाठी वर्ग चालतात, महिलांचे वेगळे गटही असतात. हौशी लीगमध्ये खेळाडूंच्या कुवतीप्रमाणे पायऱ्या असतात आणि सगळ्यात खालची पायरी नुकतंच शिकलेल्यांचीच असते. अडचण वयापेक्षा घाईची जास्त असते. आधी महागडं सामान, मग थेट मॅच आणि स्केटिंग जमेल तसं, असा उलटा क्रम लावला की पहिल्याच महिन्यात हात किंवा गुडघा दुखावून गाडी घरी बसते.

पहिलं काम स्केटिंगचं

सुरुवात स्टिक न घेता करायची. बहुतेक रिंकवर सर्वांसाठी खुल्या स्केटिंगची वेळ असते. तिथे स्टिक-पक चालत नाही आणि स्केट्स भाड्याने मिळतात. भाड्याच्या स्केट्सची धार बऱ्याचदा बोथट असते. पाय सारखा घसरत असेल तर दोष आपलाच असेल असं नाही, काउंटरवर जोडी बदलून मागावी.

सगळ्यात आधी शिकायचं ते पडणं. तोल जातोय असं वाटलं की गुडघे वाकवून खाली बसायचं आणि एका कुशीवर पडायचं. तळहात टेकून सावरायला गेलं की मनगटावर येतं. पडल्यावर बोटं मुठीत घ्यायची, कारण मागून येणाऱ्याचं पातं बोटांवरून जाऊ शकतं. उठताना आधी एक गुडघा टेकायचा, दुसरा पाय उभा करायचा, दोन्ही हात त्या गुडघ्यावर दाबून उठायचं. हेल्मेट पहिल्या दिवसापासून हवंच.

नंतर येतं थांबणं. बेळगावात रोलर स्केटिंग केलेल्यांना इथे फायदा होतो. तोल, वाकलेले गुडघे, पाय बाहेर ढकलत पुढे जाणं हे सगळं उपयोगी पडतं. पण बर्फावरच्या हॉकी स्केटला ब्रेक नसतो. पात्याच्या खालच्या बाजूला मधोमध खोलगट खाच असते, त्यामुळे आत आणि बाहेर अशा दोन धारा तयार होतात. त्या धारांनी बर्फ खरवडूनच थांबावं लागतं. आधी टाचा बाहेर ढकलून हळू थांबणं, मग दोन्ही पाय आडवे करून झटक्यात थांबणं. एका बाजूला ते लवकर जमतं, दुसरी बाजू रुसून बसते. त्या रुसलेल्या बाजूचा सराव जास्त करायचा. थांबता येत नाही तोवर मॅचमध्ये उतरणं म्हणजे ब्रेक नसलेली सायकल घाटात सोडण्यासारखं आहे.

सामान : कुठे वाचवायचं, कुठे नाही

हेल्मेट आणि तोंडावरची जाळी, माउथगार्ड, खांदा-कोपराचे पॅड, ग्लोव्हज, जाड हॉकी पँट, जांघेचा गार्ड, नडगीचे पॅड, स्केट्स आणि स्टिक एवढा पसारा लागतो. सगळं नवं घेतलं तर खर्च काहीशे डॉलरवर जातो. म्हणून पॅड, पँट, ग्लोव्हज खुशाल जुने घ्यावेत. वापरलेलं सामान विकणारी दुकानं जवळपास प्रत्येक शहरात असतात.

दोन वस्तूंत मात्र काटकसर नको. हेल्मेट नवं आणि सुरक्षेचं प्रमाणपत्र असलेलंच हवं, कारण जुन्याला आधी किती मार बसलाय ते वरून दिसत नाही. दुसरी वस्तू स्केट्स. हॉकी स्केट्स रोजच्या बुटापेक्षा साधारण एक ते दीड नंबर लहान लागतात. दुकानात पायाचं माप द्यावं, टाच आत हलता कामा नये. ‘पुढे सैल होतील’ म्हणून घट्ट किंवा ‘मोजे घालू’ म्हणून सैल घेतले तर घोटा वळतो.

मानेचा गार्डही घ्यावा. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डच्या सामन्यात अ‍ॅडम जॉन्सन या व्यावसायिक खेळाडूचा मानेला स्केटचं पातं लागून मृत्यू झाला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय आईस हॉकी महासंघाने आपल्या स्पर्धांत मानेचं संरक्षण सक्तीचं केलं. हौशी लीगमध्ये सक्ती असो वा नसो, ही छोटीशी पट्टी टाळण्यात शहाणपण नाही.

स्टिक डावी की उजवी?

इथे आपल्याकडच्यांचा हमखास गोंधळ होतो. मैदानी हॉकीत स्टिक एकाच बाजूची असते, आईस हॉकीत डावी आणि उजवी अशा दोन्ही मिळतात. खालचा हात कुठला त्यावरून नाव ठरतं. उजव्या हाताने बॅटिंग करणाऱ्याचा डावा हात वर आणि उजवा खाली असतो. मैदानी हॉकीतही तसंच. म्हणून त्यांना बहुधा उजवी स्टिक सोयीची वाटते. कॅनडात मात्र उजव्या हाताने लिहिणारे बरेच जण डावी स्टिक धरतात. घरातला झाडू किंवा काठी हातात घेऊन बघावी, हात आपोआप जिथे जातील तेच बरोबर. स्केट्स घालून उभं राहिल्यावर स्टिक साधारण हनुवटीपर्यंत यावी.

नियम थोडेच, पण पक्के

गोलकीपर धरून एका बाजूचे सहा जण बर्फावर असतात. पक म्हणजे एक इंच जाड, तीन इंच व्यासाची कडक रबरी चकती, वजन साधारण १५६ ते १७० ग्रॅम. पक निळी रेषा ओलांडून आत जाण्याआधी आपण आत गेलो की ऑफसाइड. एक खेळाडू सलग मिनिटभरच खेळतो, मग बाकावर येतो आणि दुसरा जातो. नवशिक्याने ही शिस्त आधी पाळावी. दमल्यावरही बर्फावर रेंगाळणारा कुणालाच आवडत नाही. हौशी प्रौढ लीगमध्ये अंगाने धडक मारायला सहसा मनाई असते. तरी फळीजवळ मान खाली घालून कधी जाऊ नये.

विमा आणि वेळ

ही बाब सर्वात जास्त दुर्लक्षित राहते. अमेरिकेत हाड मोडलं तर उपचारांचा खर्च डोळे पांढरे करतो. ‘यूएसए हॉकी’च्या नोंदणीत अपघात विमा येतो, पण तो स्वतःच्या आरोग्य विम्याला जोड म्हणून असतो, त्याऐवजी नव्हे. विद्यार्थी, नव्याने गेलेले आणि मुलांकडे राहायला गेलेले पालक यांनी आपल्या विम्यात खेळातली दुखापत धरली आहे का, ते आधी लेखी विचारून घ्यावं. रक्तदाब, हृदयविकार किंवा जुनं गुडघ्याचं दुखणं असेल तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

वेळेचंही गणित आहे. संध्याकाळची चांगली वेळ मुलांच्या संघांना जाते, मोठ्यांच्या वाट्याला रात्री उशिराचा बर्फ येतो. घरी आधीच सांगून ठेवलेलं बरं. आणि गोठलेल्या तळ्यावर स्थानिक प्रशासनाने सुरक्षित म्हटल्याशिवाय पाऊल टाकू नये, वरून बर्फ कितीही पक्का दिसला तरी.

भारतात राहणाऱ्यांनी काय करावं?

आपल्याकडे हा खेळ मुख्यतः लडाख आणि हिमाचलच्या स्पितीत रुजला आहे. तिथे हिवाळ्यात गोठलेल्या बर्फावर तो खेळला जातो. २०२५ मध्ये भारतीय महिला संघाने आशिया चषकात कांस्यपदक मिळवलं. सीमाभागात बर्फ नाही, पण रोलर रिंक आहेत. परदेशी जायचं ठरलेल्यांनी निघण्याआधी तीन-चार महिने इनलाइन स्केट्सवर तोल साधला, तर तिकडचे सुरुवातीचे वर्ग बरेच सोपे जातात.

साधा हिशेब असा. पहिला महिना फक्त पडणं, उठणं, थांबणं. दुसऱ्या महिन्यात प्रशिक्षकाचा वर्ग, मग सामान, मग स्टिक-पकचा सराव. मॅच त्यानंतर. आधी पाया, मग कळस. एक मोसम असा काढला तर पुढच्या हिवाळ्यात संघ मिळतो आणि संघाबरोबर आठवड्यातून एकदा हक्काने भेटणारी दहा-पंधरा माणसंही. परमुलखात नव्याने गेलेल्याला ही ओळख गोलापेक्षा कमी मोलाची नसते.